दुःख अपुरं पडलं

माणूस आयुष्यात कशाकशात नापास होईल याचा काही नेम नाही. मी गणितात नापास झालो आहे. मोटार चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालो आहे. त्यातल्या दुसऱ्या वेळी तर साहेब गाडीत बसायच्या आधीच. लग्नाच्या बाजारात तीन घरांतून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला, आणि त्यांतल्या एका घरी आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. पण दुःख या विषयात नापास झालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष. हा अपमान मात्र मुकाट्यानं गिळायचा नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक कबुली देतो. मी बॉक्सिंग करतो.

इथे वाचक हसणार हे मला ठाऊक आहे. सगळेच हसतात. पाच फूट पाच इंच उंची, साठ किलो वजन (जेवणाआधी), नाकावर चष्मा आणि पतपेढीत कारकुनी, एवढ्या भांडवलावर माणसानं फार तर कॅरम खेळावा अशी लोकांची अपेक्षा असते. चष्म्याचं म्हणाल तर रिंगणात उतरताना तो काढून ठेवतो. मग समोरचा माणूस जरा धूसर दिसतो खरा; पण तो आपणहून जवळ येतोच, त्यामुळे अडचण अशी पडत नाही. पूर्वी मी पतपेढीच्या वसुली खात्यात होतो. बॉक्सिंगची बातमी फुटली तेव्हा कर्जदारांचा भलताच समज व्हायला नको म्हणून साहेबांनी मला उचलून व्हाउचरं लावायला बसवलं. या खेळानं मला मिळवून दिलेली ही एकमेव बदली.

शिकलो ते आमच्या शाळेमागच्या व्यायामशाळेत. फौजेतून निवृत्त झालेले एक सर तिथे शिकवायचे. पहिले तीन महिने त्यांनी आम्हाला कुणालाच मारू दिलं नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही हात वर. ‘आधी उभं राहायला शिका,’ ते म्हणायचे, ‘मारायला काय, रिक्षावालेही मारतात.’ चौथ्या महिन्यात जॅब आला. जॅब म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा. तो गेला त्याच वाटेनं आणि तितक्याच वेगानं परत आला पाहिजे, नाहीतर तेवढ्या वेळात आपलं तोंड उघडं पडतं. पुढे वसुली खात्यात गेल्यावर मला कळलं, की उसन्या पैशांचंही तंत्र हेच आहे. तर असा तो जॅब मी पंधरा वर्षं घोटला. लाइटवेट गटात जिल्ह्याला दोनदा रौप्यपदक मिळवलं. त्या गटात दोन्ही वर्षी आम्ही दोघेच होतो, हे मी सहसा सांगत नाही.

असं सगळं सुखात चाललं असताना एका वाहिनीनं मुष्टियुद्धाचा रिॲलिटी शो काढायचं ठरवलं. वाहिनीचं नाव सांगत नाही. वसुलीचा अनुभव असलेला माणूस उगाच कज्जा ओढवून घेत नाही. जाहिरात भाच्यानं मोबाइलवर दाखवली. ‘तुमच्या आमच्यातला योद्धा हवा आहे. वयोमर्यादा पस्तीस.’ मी तेहतीस वर्षांचा होतो. तुमच्या आमच्यातला तर मी इतका होतो, की आमच्या इमारतीतला गुरखासुद्धा मला दर महिन्याला नव्यानं ओळखायचा. ही म्हणाली, “जा हवं तर. पण नाक सांभाळा. लग्नाच्या फोटोत आहे तसंच ते मला परत हवंय.” आईनं पहाटे उठून हातावर दही घातलं. परीक्षेला जाताना घालायची तसंच. त्या दह्याचा पूर्वेतिहास लक्षात घेता मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

निवडचाचणी मुंबईच्या उपनगरातल्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच होती, त्यामुळे शंभर-दीडशे धिप्पाड तरुण झेंडूच्या माळांखालून आत शिरताना ‘वधूपक्षाकडून हार्दिक स्वागत’ वाचत होते. माझ्या छातीवर ४१७ क्रमांकाचा कागद चिकटवला आणि हातात अर्ज दिला. अर्ज बारा पानी होता. पतपेढीतून घर बांधायला कर्ज घेतानासुद्धा आम्ही चारच पानं भरून घेतो.

पहिल्या पानावर वजन, उंची आणि आजवरच्या लढती. त्याला दोन ओळी. उरलेली अकरा पानं अशी: आयुष्यातला सर्वांत दुःखद प्रसंग (जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा). जवळचं कुणी सोडून गेलं आहे काय? घरच्यांचा विरोध होता काय, असल्यास अद्याप आहे काय? आपण कुणासाठी लढता? शेवटच्या प्रश्नाला बराच विचार करून मी लिहिलं, ‘रविवारी सकाळी वेळ बरा जातो.’

मग एकेकाला आत घेतलं. टांगलेल्या बॅगेवर दोन मिनिटं ठोसे मारायचे होते. मी मारले. अगदी सरांनी शिकवल्यासारखे. पाय हलते, हनुवटी खाली, डावा हात गेला तसा परत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नाक चपटं झालेले, केस पिकलेले एक गृहस्थ बसले होते. त्या संबंध कार्यालयात बॉक्सिंग कळणारा तो एकच माणूस असावा, कारण त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. समोर टेबलाशी तिघं बसली होती आणि तिघंही माझा अर्ज वाचत होती. मी ठोसे मारायचा थांबलो हेसुद्धा त्यांना बॅग हलायची थांबल्यावर कळलं.

“सर,” मधली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “तुमची जर्नी सांगा ना.”

“चार अठ्ठावन्नची लोकल पकडली,” मी म्हटलं, “दादरला बदलली.”

“तशी नाही सर. आयुष्याची. वडील…?”

“आहेत.”

“आजारी वगैरे?”

“छे! सकाळी चार किलोमीटर चालतात.”

तिनं कागदावर काहीतरी खोडलं. “कधी उपाशी झोपलात?”

“एकादशीला. पण साबुदाण्याची खिचडी असते.”

“कुणी कधी हिणवलं तुम्हाला?”

“साहेब रोज हिणवतात.”

तिचे डोळे लकाकले. “बॉक्सिंगवरून?”

“नाही, व्हाउचरांवरून.”

कॅमेऱ्यामागचा दाढीवाला आता पुढे झाला. “सर, थोडं रडता येईल का?”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही चालेल. दोन मिनिटं घ्या हवी तर.”

बॅगेवर दोन मिनिटं, रडायला दोन मिनिटं. वेळेच्या बाबतीत माणसं न्यायी होती. मी प्रामाणिक प्रयत्न केला. फ्लॅटचे हप्ते आठवले, व्हाउचरं आठवली, गणिताची प्रगतिपुस्तकंही आठवून पाहिली. पण वडिलांनी त्यावर केलेल्या सह्या आठवून हसूच आलं. शेवटी ती मुलगी कमालीच्या आपुलकीनं म्हणाली, “सर, तुम्ही खूप गोड आहात. पण तुमच्यात स्ट्रगल नाही.”

संपलं. तेहतीस वर्षं आईवडिलांनी मला काही कमी पडू नये म्हणून जिवाचं रान केलं, ते नेमकं मला इथे कमी पडलं.

आता खरी भांडणाला सुरुवात करतो. कुणी म्हणेल, द्राक्षं आंबट. निवड झाली असती तर हा लेख लिहिला असतास का? नसता लिहिला, हे कबूल. पण माझं म्हणणं नीट ऐकून घ्या. मला निवडलं नाही अशी माझी तक्रारच नाही. मला कुणी हरवलं नाही, ही माझी तक्रार आहे. त्या मांडवात मला लोळवतील असे निदान पन्नास जण होते. त्यांतल्या कुणाही एकासमोर मला उभं करा, तीन फेऱ्या लढू द्या, पडलो तर उचलून गाडीत घाला, मी हूं की चूं करणार नाही. ठोशानं हरण्याचा माझा हक्क होता. मी हरलो अर्जात. तेही ज्यांना हरवणं मला सात जन्मांत शक्य नाही अशांच्या दुःखांकडून.

पूर्वी आपल्याकडे मुली दाखवायचे. कांदेपोहे घेऊन यायचं, मान खाली घालून बसायचं, गाणं येतं का विचारलं की एक कडवं म्हणायचं, चालून दाखवायचं आणि मग आठ दिवसांनी पोस्टकार्ड. का नाकारलं हे त्या मुलीला जन्मात कळायचं नाही. ती पद्धत वाईट म्हणून आपण शहाण्यासुरत्या लोकांनी लेख लिहिले, परिसंवाद घेतले. आणि आता गाणाऱ्याला, नाचणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला आणि ठोसे मारणाऱ्यालासुद्धा त्याच सतरंजीवर बसवून विचारतो, ‘दुःख काय आहे तुमच्याकडे?’ हुंडा बदलला, एवढंच. पूर्वी निदान पोहे तरी असायचे.

माझा धाकटा मेहुणा जाहिरातींच्या धंद्यात आहे. त्याच्याशी मी या विषयावर दोन रविवार भांडलो. त्याचं म्हणणं असं: “भावजी, तुमचा जॅब बघायला कोण बसणार? लोकांना माणूस आवडला तरच ते त्याची लढत बघतात. लोक बघतात म्हणून पैसा येतो. पैसा येतो म्हणून त्या पोराला बूट मिळतात. आणि बॉक्सिंग तर कायम गोष्टींवरच विकलं गेलंय. तुमचा तो अली काय करायचा?”

मेहुणा असला तरी मुद्दा खोटा नव्हता. अली गोष्टी सांगायचा, कविता करायचा, समोरच्याला नावं ठेवायचा. पण ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासाला तोवर एकही लढत न हरलेला जॉर्ज फोरमन समोर उभा राहिला, तेव्हा नुसत्या कवितेनं भागलं नाही. सात फेऱ्या दोरांना टेकून मार सोसावा लागला आणि आठव्या फेरीत त्याला पाडावं लागलं. अलीनं गोष्टीची हुंडी आधी लिहिली असेल, पण ती वटवली रिंगणात. न वटलेल्या हुंड्या कशा दिसतात ते मला विचारा. माझं टेबल त्यांनी भरलेलं असायचं.

“बरं, मग ‘रॉकी’?” मेहुण्यानं दुसरा ठोसा टाकला. हा त्याचा गार्ड खाली आल्याचा क्षण होता. कारण ‘रॉकी’ मी अकरा वेळा पाहिला आहे. १९७६चा तो सिनेमा. जगज्जेत्याचा प्रतिस्पर्धी जायबंदी होतो आणि ऐन वेळी तो यादी चाळून एका अनोळखी लढवय्याला निवडतो. कशावरून? तर त्याचं टोपणनाव जाहिरातीत झकास दिसेल म्हणून! म्हणजे रॉकीची निवडही टेबलाशीच झाली होती. पण पुढे काय होतं ते आठवा. रॉकी पंधरा फेऱ्या उभा राहतो आणि गुणांवर हरतो. जिंकत नाही, हरतो. आणि थेटरातले लोक टाळ्या वाजवतात, कारण तो पंधरा फेऱ्या उभा राहिलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. स्टॅलोनला ती गोष्ट सुचली तीही खऱ्या लढतीवरून. २४ मार्च १९७५ला चक वेपनर नावाचा, कुणी फारसं खिजगणतीत न धरलेला माणूस खुद्द अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला होता. शेवटची एकोणीस सेकंदं राहिली असताना रेफ्रीनं लढत थांबवली. हरला तोही. पण हरायला त्याला रिंगण मिळालं होतं.

मौज म्हणजे हाच स्टॅलोन पुढे अमेरिकेत अशा कार्यक्रमाचा यजमान झाला. ‘द कंटेंडर’ नावाचा शो एनबीसी वाहिनीवर मार्च २००५मध्ये सुरू झाला. त्याच्या जोडीला शुगर रे लेनर्डसारखा अस्सल मुष्टियोद्धा. सोळा जण निवडलेले, विजेत्याला दहा लाख डॉलर. मुलं खरोखरीच चांगली होती. जिंकलेला सर्जिओ मोरा तर पुढे २००८मध्ये व्हर्नन फॉरेस्टला हरवून थोडे महिने जगज्जेताही झाला. पण त्यांच्या पाच-पाच फेऱ्यांच्या लढती दाखवल्या जायच्या त्या कापून, सांधून, वर संगीत चढवून. ठोसा आधी की तुताऱ्या आधी हे कळू नये अशा बेतानं. लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट धरल्यापासून सनईच ऐकू यावी, आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामानं काय दिवे लावले ते कळूच नये, तसं.

त्या सोळांत फिलाडेल्फियाचा नजाई टर्पिन नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा होता. मोराशी झालेली लढत तो हरला होता. पण ती जगाला दिसायची होती पुढे. कार्यक्रम चालू असेपर्यंत बाहेर लढायचं नाही अशी कराराची अट होती. कार्यक्रम पडद्यावर यायला तीन आठवडे उरले असताना, १४ फेब्रुवारी २००५ला त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. का, हे त्याचं त्यालाच ठाऊक. आपण तर्क करू नये आणि कुणावर ढकलूही नये. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सुरू झाला, त्याची लढत दाखवली गेली, त्याच्या लहान मुलीसाठी निधीही काढला गेला. हे वाचलं त्या दिवशी मी मेहुण्याशी भांडलो नाही. एवढंच मनात आलं, की माणसाचं दुःख आपण अर्जाच्या रकान्यात भरून घेतो, ते रकान्यात मावतं असं कुणी सांगितलं?

आता मेहुण्याचा शेवटचा आणि सर्वांत जोरकस ठोसा. “तुमच्या खऱ्या बॉक्सिंगमध्ये तरी काय न्याय असतो?” नसतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्सनं कोरियाच्या पार्क सि-हुनला ८६ ठोसे मारले आणि त्याचे ३२ खाल्ले, आणि पंचांनी ३-२ असा कौल पार्कला दिला. वर स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून करंडक दिला तो मात्र जोन्सलाच! आपल्या सरिता देवीनं २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत उपांत्य लढतीचा कौल असाच मानला नाही आणि रडत रडत आपलं ब्राँझपदक प्रतिस्पर्धी मुलीच्याच गळ्यात घातलं.

पण यात एक गंमत आहे. ८६ आणि ३२ हे आकडे आज आपण सांगू शकतो. कुणीतरी ठोसे मोजले होते. अन्याय झाला तो मोजता येण्यासारखा झाला, म्हणून त्यावर गहजब झाला आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून पंचांच्या हातात बटणं आली. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. ती पद्धतही पुढे गैरसोयीची ठरली आणि गेली, ते सोडा. मुद्दा असा, की खेळात चोरी झाली तर चोरी म्हणता येतं. माझ्यावर अन्याय झाला की नाही हे मी कसं सिद्ध करू? ४१७ क्रमांकाच्या उमेदवाराचे अश्रू तीन मिलिलिटर भरले आणि ४१६चे पाच, असं कुणी मोजून ठेवलंय?

या ४१६चंच सांगायचं राहिलं.

कार्यालयाबाहेर वडापावच्या गाडीवर मी माझं स्ट्रगलहीन आयुष्य चटणीत बुडवत होतो, तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. विशीचा, काटक, लातूरकडचा. त्याची निवड झाली होती. मी अभिनंदन केलं. त्यानं नुसती मान हलवली. वडा तसाच हातात.

“काय रे, खूश नाहीस?”

“दादा, मी वडलांचं सांगितलं,” तो म्हणाला. “मला नव्हतं सांगायचं. ते गेले, मग मी इकडं आलो, हाटेलात रातपाळीला भांडी घासतो. त्यांनी तीनदा सांगायला लावलं. पहिल्या दोनदा आवाज नीट आला नाही म्हणाले.” जरा वेळानं म्हणाला, “डाव्या हाताचा हूक हाय माझा चांगला. मारून दाखवू का म्हटलं, तर म्हणाले, ते नंतर बघू.”

वडापावचे पैसे मीच दिले. व्यायामशाळेचा पत्ता दिला. तो म्हणाला, “करार संपला की येतो दादा. तवर भाईर हात उचलायचा न्हाई.”

एवढ्यात चपट्या नाकाचे ते गृहस्थ कार्यालयातून बाहेर आले. माझ्यापाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “जॅब चांगला आहे. उजवा खांदा आधी हलतो, तो बघा.” आणि निघून गेले. त्या दिवशी माझ्याविषयी कुणी बॉक्सिंगचं बोललं असेल तर एवढंच. पंधरा वर्षांत सरांनी मला हेच सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी कार्यक्रम सुरू झाला. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. ४१६ आला. आधी ढग आले, मग त्याचं गाव, मग भांड्यांचा ढीग, मग व्हायोलिन, मग त्याचा भरून आलेला आवाज. तो तिसऱ्या वेळचाच असणार. आमची आई पदर डोळ्यांना लावून बसली होती; हीसुद्धा. खोटं कशाला बोला, माझेही डोळे भरून आले. मग लढत लागली. ती एकूण पंचेचाळीस सेकंद दिसली. डावा हूक बसला असावा, कारण समोरचा एकदम खाली दिसला. पण त्या क्षणी पडद्यावर त्याच्या वडलांचा फोटो होता. पुढच्या भागात तो बाहेर पडला. का, ते कळलं नाही. जाहिरात लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीत प्रत्येकाला त्याचे वडील ठाऊक होते. त्याचा हूक एकालाही ठाऊक नव्हता. त्या मंडळींनी एक फर्स्टक्लास बॉक्सर निवडला होता आणि त्याचा त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही! म्हणजे ज्याला नाकारलं त्याचाच अपमान झाला असं मी समजत होतो ते चूक. ज्याला निवडलं त्याचा जास्त झाला. मला निदान घरी तरी पाठवलं. त्याच्या वडलांना मात्र पुन्हा पुन्हा मारलं, तेही आवाज नीट येईपर्यंत.

करार संपल्यावर एका रविवारी तो खरोखरच व्यायामशाळेत आला. सर आता पंचाहत्तरीचे आहेत. गुडघे गेलेत, पण घड्याळ त्यांच्याच हातात असतं. त्यांनी त्याला नाव विचारलं, वजन विचारलं आणि “कोणत्या हाताचा?” एवढं विचारलं. बाकी अकरा पानं त्यांच्याकडे नाहीतच. आम्ही पट्ट्या बांधल्या, ग्लोव्हज चढवले, मी चष्मा काढून खिडकीत ठेवला. तीन फेऱ्या.

पहिली फेरी माझी होती. जॅब जात होता, त्याच वाटेनं परत येत होता. दुसऱ्या फेरीत माझा उजवा खांदा आधी हलला असावा. डावा हूक आला. तो मला दिसला नाही, आणि याला चष्मा कारण नव्हता. बरगडीखाली कुणीतरी देव्हाऱ्यातली घंटा वाजवल्यासारखं झालं. तिसऱ्या फेरीत तो दोनदा आणखी आला, एकदा डोळ्यावर. मी पडलो नाही. उभं राहायला मी तीन महिने शिकलो होतो.

सरांनी घड्याळ खिशात टाकलं आणि निकाल दिला. “हरलास. दुसऱ्या फेरीपासून गार्ड खाली आणलास.” निकाल आणि कारण, दोन वाक्यांत. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “हूक सोन्यासारखा आहे. पाय मात्र गाढवाचे आहेत. पुढच्या रविवारी ये.”

तो हसला. पडद्यावर दोन भाग पाहिला होता मी त्याला, पण हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आलो तेव्हा डाव्या डोळ्याभोवती जांभळं वर्तुळ उमटलं होतं. हिनं आधी नाक तपासून घेतलं. ते जागेवर होतं. मग म्हणाली, “काय झालं?”

“हरलो.”

“मग हसताय काय असे?”

आई लगबगीनं हळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि माझी हनुवटी धरून काळजीनं म्हणाली, “फार दुखतंय का रे?”

“हो,” मी म्हटलं, “खूप.”

एकदाचं!